गुलाबची घागर

नयनच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं, आणि सकाळपासून गोपिकाच्या डोक्यात त्या कुलपाशिवाय दुसरं काही शिरत नव्हतं. आता घरच्या घरात कुलूप कशाला लावतं माणूस? पिपरी मेघेच्या या घरात सासऱ्यांच्या, रूपरावांच्या वेळेपासून कुलूप लागायचं ते फक्त खताच्या खोलीला. आणि ही दिराची कालची पोरगी नागपूरहून चित्रकलेची पदवी घेऊन परत आली काय, माडीवरची खोली अडवून बसली काय, बाहेर जाताना किल्ली गळ्यात घालून जाते काय. कोणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही?

पण आज अखजी होती आणि हातातलं काम टाकून चालणार नव्हतं. अक्षय्य तृतीया म्हणजे या घरात पितरांचा दिवस. मेलेल्या माणसाच्या नावानं एकेक कोरी घागर भरायची, तोंडावर आंबा ठेवायचा, दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर त्याच्या नावाचा घास टाकायचा आणि त्याच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं. जाताना घागर त्या माणसाच्या हाती द्यायची. घरच्यांनी त्या पाण्याला तोंड लावायचं नाही, असा रूपरावांचा दंडक होता आणि रूपराव गेल्यावरही तो कोणी मोडला नव्हता.

ओसरीत तीन घागरी मांडल्या होत्या. एक सासऱ्यांची म्हणजे रूपरावांची, एक सासूची, आणि तिसरी गुलाबची.

गुलाब गोपिकाची नणंद. गोपिका या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा दोघी एकाच वयाच्या, एका वाकळीखाली झोपणाऱ्या, मळ्यात वांगी तोडता तोडता एकमेकींच्या ओटीत खडे टाकणाऱ्या. पुढं गुलाब चंदन नावाच्या ट्रॅक्टरवाल्यासोबत निघून गेली. पोरगा दुसऱ्या जातीचा, वर घरात शेणापाण्याला असलेल्या माणसाचा भाचा. रूपरावांनी चार दिवस अन्नाला हात लावला नाही. काही महिन्यांनी गोपिकाचे यजमान मनोहरराव कुठंतरी जाऊन आले आणि दारातच बसून म्हणाले, गुलाब काविळीनं गेली, मीच अग्नी देऊन आलो. त्या गोष्टीला तीस वर्षं होत आली. ओसरीतल्या भिंतीवर विशीतली गुलाब हार घालून बसली होती आणि दरवर्षी तिची घागर गोपिका स्वतःच्या हातानं भरत होती, दुसऱ्या कोणाला शिवू देत नव्हती. बाकीच्या घागरींत साधं पाणी. गुलाबच्या घागरीत मात्र वाळ्याची जुडी, कारण वाळ्याच्या पाण्यासाठी ती पोरगी जीव टाकायची.

"बाई, तुमाले काही सांगू का?" चिंचेचा कोळ गाळता गाळता दिपाली हळूच म्हणाली. दिपाली धाकटी जाऊ, नयनची आई.

"सांग नं."

"पोरगी आर्वीले जाऊन राह्यली. एक दिवस आड. तिच्या पर्समध्ये यष्टीचे तिकिटं पाह्यले मी. आज बी पहाटेच्याच गाडीनं गेली, अखजीचा दिवस असून."

"आर्वीले कोन हाय तिचं?"

"तेच त मी म्हनते. पोरगा असन, दुसरं काय असनार हाय. इचारलं त म्हनते, आई, मी फोटोतले माणसं शोधून राह्यली. अशी काय कोनती पोरगी मानसं शोधत फिरते?" दिपालीनं दाराकडं पाहिलं आणि आवाज अजून खाली आणला. "याईचं वेगळंच म्हननं हाय. हे म्हनते, भासऱ्याईनंच तिले कामाले लावलं. जुन्या फोटोत मळ्यात कोन उभं होतं ते वाटनीत दाखवाले."

'हे' म्हणजे ताराचंद, गोपिकाचा दीर, आणि भासरे म्हणजे त्याचे थोरले भाऊ मनोहरराव. मळ्याच्या आजूबाजूला ले-आउट पडायला लागल्यापासून ताराचंदला झोपेत पण वाटणी दिसत होती. गोपिकाला हसू आलं, पण तिनं ते चिंचवणीत ढवळून टाकलं. दिपालीसमोर मोकळं हसायची तिला सवय राहिली नव्हती.

कारण दोघी जावांच्या मधात एक साडी होती. मोरपंखी रंगाची, गोपिकाच्या जिवाची. गुलाब गेल्यानंतरच्या एका अखजीला मनोहरराव तापानं आडवे होते, म्हणून घास गोपिकानंच टाकला. गुलाबच्या नावाचं तूप निखाऱ्यावर पडलं, ठिणगी उडाली आणि पदराला भोक पडलं. तिनं राईच्या रंगाचा दोरा घेऊन भोकावर पिंपळाचं पान भरलं, असं की पाहणाऱ्याला वाटावं नक्षीच आहे. पुढं दिपाली लग्न होऊन आली, आणि काही वर्षांत ती साडी ट्रंकेतून नाहीशी झाली. गोपिका तोंडानं एक अक्षर बोलली नाही. फक्त तेव्हापासून ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला आली, ती आजतागायत होती.

"ते पोतं गेलं का घरातून?"

मनोहरराव मळ्यातून आले होते. हातातली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच धरून माडीकडं पाहत राहिले.

पोत्याची गोष्ट अशी, की आर्वीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. लोकांनी फोटो काढले आणि न्यायला आलेच नाहीत, अशी पाकिटं तिथं वर्षानुवर्षं पडून होती. ती सगळी भंगारात निघाली आणि नयननं भंगारवाल्याकडून पोतंच्या पोतं उचलून आणलं. त्या फोटोंवर ती काहीतरी करत होती. कापड, सुई, दोरे वर जात होते, आणि पुढच्या आठवड्यात वर्ध्याला एका हॉलमध्ये ते सगळं लावणार होती.

"नाई गेलं," गोपिका म्हणाली. "काऊन?"

"आजच्या दिवशी लोकाइचे मेलेले चेहरे घरात नको. पोरगी आली का किल्ली घे अन् ते पोतं खताच्या खोलीत टाक. मी पाहून घेईन मंग."

"पाहून घेईन म्हनजे?"

"जाळून टाकीन. कोनाच्या कामाचे हायेत ते?"

गोपिकानं नवऱ्याकडं नीट पाहिलं. घरात साप निघाला तरी हातातला चहा संपवून उठणारा हा माणूस. आणि चार फोटोंसाठी त्यांच्या कपाळावर घाम. ऊन होतं हे खरं, वैशाखातलं वर्ध्याचं ऊन, भिंतीला हात लावला तर चटका बसेल असं. पण हा घाम उन्हाचा नव्हता. मनोहरराव आत गेले तरी गोपिका त्या जागेकडं बघत राहिली. इतके दिवस तिला पोरीचा संशय होता. आता तिला भलत्याच माणसाचा यायला लागला.

नयन अकराच्या सुमाराला आली, ओढणीनं तोंड बांधलेली, घामानं चिंब. गोपिका जिन्यातच बसली होती.

"किल्ली दे."

"कोणी सांगितलं तुला मागायला?" नयननं ओढणी सोडली नाही. "मोठ्या बाबांनी?"

"कोनी का सांगतलं असन. मोठी आई हाय मी तुही. दे."

पोरगी काही क्षण तिच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली. भाजीवाली खोटं नाणं उलटून पालटून पाहते तसं. मग गळ्यातली किल्ली काढून तिनंच कुलूप उघडलं.

खोलीत दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर कापडं लटकत होती. जुनी धोतरं, विरलेली लुगडी, आणि त्यांवर मोठे करून छापलेले फोटो. घड्याळ दिसावं म्हणून मनगट पुढं करून उभा राहिलेला एक नवरदेव. रंगवलेल्या ताजमहालासमोर गालाला तीट लावलेलं एक बाळ. दोन बहिणी, एकसारखे परकर, एकीचे डोळे मिटलेले. फोटो जिथं ओलीनं चिकटून फाटला होता, बुरशीनं खाल्ला होता, तिथं नयननं दोऱ्यानं भरून काढलं होतं, बारीक, सरळ, एकामागे एक टाके. गोपिकानं टाका ओळखला. तो तिच्या सासूचा वाकळीचा टाका होता.

"आजीनं शिकवला होता लहानपणी," नयन म्हणाली. "चेहऱ्यावर मी सुई चालवत नाही. जे गेलं, जे आता कोणालाच आठवणार नाही, तेवढ्यावरच टाका."

"कोन हायेत हे लोक?"

"तेच तर शोधते. फोटो घेऊन आर्वीत फिरते, बाजारात दाखवते. काही सापडले. एक आजोबा तर कापड छातीशी धरून बसले, सोडेचनात."

"अन् न्यायले काऊन नाई आले मंग?"

"कोणाचं लग्न मोडलं. कोणाचं बाळ गेलं. कोणी गाव सोडलं." नयन थांबली. "कोणी भ्यालं."

गोपिकाचा राग कधी उतरला हे तिला समजलं नाही. लोकांचे कोण कुठले चेहरे, पण त्यांच्याभोवती फिरलेला तो टाका पाहून तिला सासू आठवली, दुपारची चष्मा लावून वाकळ शिवणारी. ती पोरीला चार बरे शब्द बोलणार, तेवढ्यात तिला कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवलेली एक चौकट दिसली.

"अन् ते?"

"ते राहू दे." नयन झटकन आडवी आली.

एवढं पुरे होतं. गोपिकानं तिला बाजूला सारलं आणि चौकट फिरवली.

तिला आधी चेहरा दिसलाच नाही. आधी पान दिसलं. लाकडी खुर्चीवर बसलेल्या बाईच्या खांद्यावरून मोरपंखी पदर पुढं आला होता आणि त्याच्या टोकाला राईच्या रंगाचं पिंपळाचं पान होतं. गोपिकाच्या मनात पहिलं आलं ते दिपालीचं नाव. म्हणजे घेतली ते घेतली, वर कोणाला तरी देऊन टाकली. आणि मग तिनं वर पाहिलं. गाल भरले होते, कपाळ जरा मोठं झालं होतं, पण फोटोवाल्यानं 'हसू नका' म्हटल्यावर जास्तच हसू दाबणारे ते ओठ तिनं वाकळीखाली किती वेळा पाहिले होते.

गोपिका पोत्यावर बसली. गुलाबच्या नावाच्या घासानं पडलेलं भोक. त्या भोकावर तिनं भरलेलं पान. आणि तीच साडी नेसून खुर्चीवर बसलेली गुलाब. मेलेली बाई मेल्यानंतर इतक्या वर्षांनी फोटो काढायला कशी बसली?

"तू काही कम्प्युटरवर केलं का हे?" तिनं विचारलं. "खरं सांग नयन. आजकाल काही बी करते म्हनते त्यात."

नयननं पेटीतून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. मूळचा फोटो छोटासा होता, रंग उडून तांबडा पडलेला. कापडावर बाई एकटीच होती. फोटोत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक माणूस उभा होता, पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. गुलाबला अग्नी देऊन आलेले मनोहरराव.

"तुला खरंच माहीत नव्हतं?" नयन विचारत होती. तिच्या डोळ्यांत अजून संशय होता. "मला वाटलं घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून कुलूप. कोण आधी वर चढतं, कोणाला या पोत्याची भीती वाटते, ते पाहत होते मी."

"जिती हाय?"

"सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन आले. आर्वीच्या पुढं एका खेड्यात राहते. बाजारात सांभार, मेथी विकते. चंदनकाका पण आहेत, गुडघ्यानं अधू झालेत. एक मुलगी आहे, लग्न झालं तिचं."

गोपिकाला आनंद आधी झाला की राग आधी आला, हे तिचं तिला समजलं नाही. दोन्ही एकदमच आले. तीस वर्षं ही बाई जेवत होती, झोपत होती, पोर वाढवत होती, अन् मी इकडं तिच्या नावानं डोळ्यांतून पाणी काढत होते.

"मले काय म्हनते?" तिनं विचारलं. "माही आठवन काढते का?"

नयन सुईच्या डबीचं झाकण लावत, काढत राहिली.

"बोल नं वो."

"काढते. पण... मोठे बाबा तिला एकदाच भेटले. साडी देताना म्हणाले, वहिनीनं पाठवली. आणि हेही सांगितलं, की घरी तुझी घागर भरतात, वहिनीच भरते. ती म्हणाली, वहिनीले सांगजो, फाटकी साडी पाठवून लय उपकार केले. माहेरची म्हणून उलगडली त पदराले भोक, वरून बुजवलेलं. म्हणे, मी जिती हाय हे माहीत असून जे घागर भरते, तिच्या हातून नवी साडी कशी येईन."

सगळ्या जगानं काही म्हणावं, पण गुलाबनं असं समजावं? तीस वर्षं गोपिकानं तिला मारलं, दरवर्षी स्वतःच्या हातानं मारलं, असंच ती बाई तिकडं समजून बसली होती. आणि खाली ओसरीत आजची घागर भरून तयार होती.

"बाई," खालून दिपालीचा आवाज आला. "गोवऱ्या फुलल्या. भासरे बलावून राह्यले."

गोपिका उठली. "ते कापड घेऊन खाली ये," ती नयनला म्हणाली. "तोंड भिंतीकडं नाई करायचं आता."

ओसरीत पाट मांडले होते. सासऱ्यांच्या जागी गल्लीतला एक म्हातारा, सासूच्या जागी त्याची बायको, आणि गुलाबच्या जागी शेजारची नवी सून सोनम, पदर सावरून अवघडून बसलेली. वडे, कढी, शेवया, डांगराची भाजी, सगळं पानात होतं. ताराचंद खांबाला टेकून उभा होता आणि भावाच्या हाताकडं असा पाहत होता, जशी काही निखाऱ्यावरच वाटणी होणार आहे. मनोहररावांनी वडिलांच्या नावाचा घास टाकला. आईच्या नावाचा टाकला. तुपाचा धूर वर गेला. तिसरा घास उचलून ते म्हणाले, "गुलाबच्या नावानं..."

"थांबा," गोपिका म्हणाली.

तिनं तिसऱ्या घागरीवरचा आंबा काढून खाली ठेवला, तांब्या बुडवून भरला आणि नवऱ्यापुढं धरला. "आधी हे पानी प्या."

"वहिनी," ताराचंद खांब सोडून पुढं आला, "पितराच्या घागरीचं पानी घरच्यानं पेत नाई. हे काय तुमाले सांगाव लागते का?"

"मेलेल्याच्या घागरीचं नाई पेत, भाऊजी. हे कोनाची हाय, ते तुमच्या भावाले इचारा."

मनोहररावांनी तांब्याकडं पाहिलं. मग जिन्याकडं पाहिलं. नयन शेवटच्या पायरीवर उभी होती आणि तिच्या हातातल्या कापडावर गुलाब ओठ दाबून हसत होती. मनोहररावांचा घासाचा हात तसाच हवेत राहिला.

दिपालीच्या हातातून वाढायचा चमचा खाली पडला. ताराचंद कापडाजवळ गेला, भिंतीवरचा हारातला फोटो पाहिला, परत कापड पाहिलं. "हे काय नाटक चालून राह्यलं?" तो भावाला म्हणाला. "तू त म्हने अग्नी देल्ला."

"फोटो काढला अन् न्यायले काऊन गेले नाई, ते सांगा आधी," गोपिका म्हणाली.

"भ्यालो," मनोहरराव म्हणाले.

म्हातारा-म्हातारी पानावर हात आखडून बसले होते. कोणी कोणाला उठ म्हणेना की जेव म्हणेना.

"बाबानं सांगतलं, ते मेली म्हनून घरात सांग, नाई त मी इहिरीत उडी घेतो. मी सांगतलं. मंग बाबा गेले. मले वाटलं आता सांगाव. पन तोवर तुमी सगळे रडून मोकळे झालते, घागरी भरत होते. मेलेल्या मानसाले घरात परत कसं आनाव, हे मले समजलंच नाई. एकडाव जाऊन भेटलो. तिनंच हट केला, दादा, फोटो काढू. काढला. घरी आनला असता त कुठी ठेवला असता मी?"

"माय तिचं नाव घेत घेत गेली," गोपिका म्हणाली. "तिच्या कानात बी नाई सांगतलं तुमी?"

मनोहररावांनी घास परत ताटात ठेवला आणि धोतराला हात पुसला.

"अन् माही साडी?"

"भाऊ बहिनीले रिकाम्या हातानं भेटन का? दुकानात गेलो असतो, त कोनासाठी घेता म्हनून गावभर झालं असतं. तुह्या ट्रंकेतली घेतली. वरच होती, उचलली."

"पदर उलगडून बी नाई पाह्यला?"

"नाई."

"मोरपंखी का?" दिपालीनं विचारलं. ती गोपिकाकडं पाहत होती, आणि तिचे डोळे भरले होते. "बाई, तुमी मले कधी बोलल्या नाई. पन ट्रंक उघडाची असली का मले पानी आनाले धाडत होत्या. मले काय समजत नव्हतं?"

गोपिकानं कमरेची किल्ली सोडली. गाठ जुनी होती, लवकर सुटेना. सुटली तेव्हा तिनं ती दिपालीच्या हातात ठेवली. "जा, ट्रंक उघड. त्यातली सगळ्यात चांगली साडी काढून आन. तुह्या पसंतीनं काढ. नंदेले द्याची हाय."

"म्हनजे आता वाटनी तीन ठिकानी..." ताराचंद सुरू झाला.

"तुमी आधी जेवाले बसा," दिपाली जाता जाता त्याला म्हणाली. आजवर तिनं नवऱ्याला असं चारचौघांत गप्प केलं नव्हतं. ताराचंद खरंच बसला.

"काकू, मी उठू का?" सोनमनं घाबरत विचारलं.

"तू कायले उठतं? तू पाहुनी हायेस. जेव पोटभर."

मनोहररावांनी तांब्या हातात घेतला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. वाळ्याचा वास आला तसे ते एकदा थांबले, मग सगळं पाणी प्याले. तांब्या ठेवून ते भिंतीकडं गेले आणि टाच उंचावून फोटोवरचा हार काढायला लागले. खिळ्यात अडकलेला हार निघता निघत नव्हता. कोणी मदतीला गेलं नाही. गोपिकाला त्यांची कीव आली आणि आपल्याला कीव येते याचा रागही आला.

"लाव फोन," ती नयनला म्हणाली.

नयननं नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरला. बराच वेळ वाजला. मग एक जाड, उन्हातान्हात बाजार केलेला आवाज आला.

"कोन?"

"मी गोपिका."

पलीकडं कोणीतरी कोंबड्या हाकलत होतं.

"कोनी सांगतलं तुले फोन कराले? दादानं?"

"नाई."

"मंग कायले केला? आज त घागर भराचा दिवस हाय. भरली असन नं माही?"

गोपिकाला रडायचं होतं, पण रडली असती तर बोलणं राहिलं असतं. तिनं पदर मुठीत धरला. "गुलाब, तुह्या साडीच्या पदराले पान हाय. राईच्या रंगाचं. ते मीच भरलं. त्याच्या खाली भोक हाय, तुह्याच घासाची ठिणगी पडलती, अखजीले. तू मेली म्हनून मी घास टाकून राह्यलती. मले मालूम असतं तू जिती हायेस, त मी तुले फाटकी साडी पाठवली असती का वो? माहा लग्नाचा शालू पाठवला असता."

कोंबड्यांचा आवाज थांबला. गोपिकाला वाटलं फोन बंद झाला, तिनं नयनकडं पाहिलं. नयननं चालू आहे अशी मान हलवली.

"वहिनी," पलीकडून आवाज आला, आणि आता तो बाजारातला नव्हता. "वाळा टाकला का पान्यात?"

"टाकला. तुह्या दादानं तांब्याभर पेला. बाकीचं तुह्यासाठी झाकून ठेवते. येजो."

तिनं फोन नयनच्या हातात दिला. मग खाली वाकून गुलाबची घागर उचलली, कडेवर घेतली, आणि आत नेऊन रोजच्या पिण्याच्या माठाशेजारी ठेवली.